चौथा मजला, लिफ्ट नाही: किराणा कसा मागवायचा

डोंबिवलीच्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्ही 19 वर्षं काढली, म्हणून सांगते. महिन्याचं सामान एकदम भरू नकोस. तांदळाच्या गोणीऐवजी 5-5 किलोच्या पिशव्या घे; 15 किलोचा तेलाचा डबा तर नकोच. वाण्याला यादी देतानाच मजला सांग, ॲपवरच्या पत्त्यातही ‘लिफ्ट नाही’ असं लिही. वर चढून आल्यावर कुणाला ते कळू नये. भाजी-पावासाठी गॅलरीतून दोरीला टोपली बांधून सोड. दोरी जाड सुती हवी, बारीक नायलॉन हाताला कापते. अंडी टोपलीत नकोत. सामान आणणाऱ्या मुलाला आधी पाणी दे, मग सुटे 20-30 रुपये हातावर ठेव. पावसाळ्यात जिना निसरडा होतो; तेव्हा मी दोन मजले खाली उतरून अर्धं सामान स्वतः घेते.