‘हे तर मीही केलं असतं!’

चित्रप्रदर्शनाला जाऊन ‘काही कळलं नाही’ म्हणत परतला असाल तर मला लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पिशवीभर पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. बाकीच्यांनी रागावू नये, अर्ध्यांचा प्रश्न पहिल्या पत्रातलाच आहे.

ताई, मे महिन्यात मुलांना घेऊन मुंबईला एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, गेलो होतो. वा. स. गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभं राहून आमचे हे भर दालनात मोठ्यांदा म्हणाले, ‘हे तर मीही केलं असतं!’ मुलं खिदळली. मला राग आला, पण उत्तर सुचेना. काय म्हणायला हवं होतं? (एक वाचक, डोंबिवली)

तिथे काहीच म्हणायला नको होतं. घरी आल्यावर त्यांच्या हातात रंग द्यायचे.

गायतोंडे काय करायचे ते सांगते. कॅनव्हासवर रोलरने रंगाचा थर फिरवायचा. मग दुसरा, तिसरा. पॅलेट नाइफने खरवडायचं, पुन्हा थर द्यायचा. मासिकांचे कागद कापून ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. कागदाबरोबर किती रंग निघून आला आणि किती मागे राहिला, त्यातून ते विसरलेल्या लिपीसारखे आकार उमटतात. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची. जन्म नागपूरचा, 1924 चा. वाढले गिरगावात, शिकले जे. जे. कला महाविद्यालयात. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना फारसं रुचत नसे.

आता यजमानांचा गृहपाठ. जाड कार्डशीट, पोस्टर कलर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो भिंती रंगवायचा लहान रोलर, आणि खरवडायला एखादं बाद झालेलं एटीएम कार्ड. पाच थर द्यायचे आणि पाचही थर थोडे थोडे दिसले पाहिजेत, एवढीच अट. मी शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा नववीच्या वर्गाकडून हे करून घेतलं होतं. वर्गभर चिखल झाला. एकीचाच कागद जमला. पहिला थर देऊन ती मधल्या सुट्टीत डबा खायला गेली आणि गप्पांत विसरली, तेवढ्यात थर वाळला. बाकीच्यांना दम धरवला नव्हता.

2013 साली मुंबईच्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र 23 कोटींच्या वर गेलं, हे मात्र यजमानांना सांगू नका. त्याने चित्राचा भाव कळतो, चित्र कळत नाही. पुढच्या वेळी त्यांना चित्राच्या बाजूला उभं करा, जवळजवळ भिंतीला खेटून, आणि तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहायला सांगा. समोरून सपाट वाटलेलं तिथून खडबडीत दिसतं. एवढं करूनही नाही आवडलं तर नाही आवडलं. मलाही सगळं आवडत नाही. आणि सुरुवातच करायची तर डोंबिवलीकरांनी सुधीर पटवर्धनांपासून करावी. ठाण्यात तीस वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता त्यांनी रंगवलेली ‘लोअर परळ’सारखी चित्रं पाहिलीत तर यजमान म्हणतील, अरे, इथून तर मी रोज जातो.

आमची शाळा संगमेश्वर तालुक्यात आहे. मुंबईच्या सहलीत 42 मुलांना आधुनिक चित्रांचं संग्रहालय दाखवायचं ठरवलंय. एलिमेंटरीला बसलेली मुलं आहेत. किती वेळ ठेवावा? (एक चित्रकला शिक्षक)

सर, तुमची तळमळ कळते, पण सहलीच्या कार्यक्रमात ‘गेटवे, म्युझियम, एनजीएमए, राणीची बाग’ असं एका दिवसात कोंबलं असेल तर एनजीएमए काढून टाका. दीड तास असेल तरच जा. सोमवारी बंद असतं. आधी फोन करा, गट येतोय हे त्यांना माहीत असलेलं बरं.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं चित्रांकडे वळूच नका, इमारत दाखवा. हा 1911 चा सर कावसजी जहांगीर हॉल. वास्तुविशारद जॉर्ज विटेट, गेटवेसुद्धा त्यांचाच. इथे सभा व्हायच्या, मैफली व्हायच्या. पुढे सभागृहाच्या पोटात अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक रचून दालनं केली आणि 1996 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. जिना चढत गेलं की शेवटी घुमटाखाली पोचतो. तिथून खाली आलेलं बरं, वर चढून मुलं दमलेली असतात आणि दमलेली मुलं गप्प असतात.

मग प्रत्येकाने एकच चित्र निवडायचं आणि पंधरा मिनिटं त्याच्यासमोरून हलायचं नाही. पेन्सिल आणि वही, पेन नको. चित्राची नक्कल काढायची नाही, चित्रातला एक कोपरा काढायचा, काड्याच्या पेटीएवढा. पहिली पाच मिनिटं मुलं कंटाळतात, ती तुम्ही सोसायची. ‘चित्रकाराला काय सांगायचं आहे?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका, त्याने मुलं निबंधाच्या भाषेत बोलायला लागतात. ‘सगळ्यात शेवटी कुठला रंग लावला असेल?’ असं विचारा, भांडणं होतील.

आणि हो, चित्रं नेहमी मुंबईतच पाहायला लागावीत असं नाही. 2008-09 मध्ये पटवर्धनांनी निवडलेली ‘विस्तारणारी क्षितिजे’ या प्रदर्शनातली मूळ चित्रं राज्यातल्या लहानमोठ्या शहरांत फिरली होती. तसं वरचेवर व्हायला हवं. होत नाही.

पुण्यात एका परफॉर्मन्सला गेलो होतो. एक माणूस तीन तास भिंतीवर कोळशाने रेघा मारत होता. बोलला नाही, आमच्याकडे पाहिलंही नाही. टाळ्या कधी वाजवायच्या तेच कळेना. नाटकासारखं बसून राहायचं असतं का? (एक विद्यार्थी)

नाही रे, उठून चहा पिऊन यायला हरकत नसते. तू परत येईपर्यंत भिंत किती काळी झाली ते पाहणं हाच तर भाग. टाळ्या नाही वाजवल्यास तरी चालतं.

गोव्यात राहणारे निखिल चोप्रा या प्रकारात आपल्याकडे ठळक नाव. त्यांचे आजोबा निसर्गचित्रं काढायचे. त्यांच्यावरून बेतलेलं ‘योगराज चित्रकार’ हे पात्र घेऊन ते तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस सगळ्यांसमोर राहतात. खातात, झोपतात, दाढी करतात, कपडे बदलतात आणि समोर दिसेल ते भलंमोठं रेखाटत जातात. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते असे नऊ दिवस होते. ‘म्हणजे आपला बहुरूपीच की!’ असं म्हणायचा मोह मला दर वेळी होतो. पण बहुरूप्याला तुम्ही ओळखावं, हसावं, पसाभर दाणे घालावेत असं वाटत असतं. इथे आपल्याकडून कुणी काहीच मागत नाही, आणि तेच जड जातं.

तुला थोडं चावट काही हवं असेल तर तुषार जोग यांचं काम शोध. 2018 मध्ये गेले बिचारे, पन्नाशीच्या आसपास. मुंबईच्या लोकलला नीट लटकता यावं म्हणून त्यांनी प्रवाशांसाठी खास पोशाख तयार केला होता, एखाद्या सरकारी खात्याने काढावा तसा गंभीरपणे. 2010 मध्ये मोटरसायकलवरून मुंबईहून शांघाय गाठलं, वाटेत सरदार सरोवर आणि चीनचं थ्री गॉर्जेस धरण घेत. मी स्वतः विरार लोकलमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. तो पोशाख पाहून मी आधी हसले, मग माझा उजवा खांदा दुखायला लागला.

मी गडचिरोली जिल्ह्यात अंगणवाडीत काम करते. तुमचं सदर वाचते, पण खरं सांगू? हे सगळं शहरातल्या लोकांचं वाटतं. आमच्या बायांना याचा काय उपयोग? (एक सेविका)

बाई, तुमच्या शेजारच्या बस्तरचीच गोष्ट सांगते. 2018 च्या डिसेंबरात एनजीएमएत नवजोत अल्ताफ या कलावंत बाईंचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. त्यात कोंडागावच्या हातपंपांची छायाचित्रं होती. मी तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबले.

हातपंपावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. खाली चिखल. भरलेला हंडा जमिनीवरून उचलायचा, आधी गुडघ्यावर, मग कंबरेवर, मग डोक्यावर, आणि प्रत्येक टप्प्याला पाठीत कळ. पोटुशी बाई असेल तर विचारूच नका. नवजोत 1997 पासून तिथे ये-जा करत होत्या. राजकुमार, शांतीबाई, गेस्सूराम या तिथल्याच कलावंतांबरोबर आणि पाणी भरणाऱ्या बायकांबरोबर बसून त्यांनी हातपंपाभोवतीची जागाच नव्याने घडवली. तिला नाव दिलं नलपार. भरलेला हंडा मध्ये टेकवता येईल अशा उंचीचे कट्टे आणि भिंती. म्हणजे उचलण्याचा तो जीवघेणा टप्पा मोडला. सांडलेलं पाणी वाहून जायला वाट. आणि वर त्यांच्या परिसरातली चिन्हं, आकार, कोरीव काम. मुलांना जमायला ‘पिल्ला गुडी’ नावाच्या जागाही त्यांनी बांधल्या.

मला विचाराल तर संग्रहालयातली छायाचित्रं त्यामानाने फिकी होती. काम तिकडे होतं, उन्हात. एका छायाचित्रापुढे मी नकळत हात कंबरेच्या वर नेऊन कट्ट्याची उंची मापत होते. शेजारचा कॉलेजचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

‘याला शिल्प कशाला म्हणायचं, ही तर ग्रामपंचायतीची कामं’, असं कुणी म्हणेल. म्हणोत. तुमच्या अंगणवाडीजवळच्या पंपावर हंडा टेकवायला काय आहे, ते मला पुढच्या पत्रात कळवा. चित्र काढून पाठवलंत तर उत्तम.

आम्ही दोघं निवृत्त. केरळला जाणार आहोत, मुलगी म्हणते कोची बिएनाले बघाच. झेपेल का? (एक वाचक, सांगली)

झेपेल. बिएनाले म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन. कोचीतली पहिली भरली 12-12-12 ला. 2025 च्या डिसेंबरात सुरू झालेली सहावी, आणि तिची सूत्रं वर सांगितलेल्या निखिल चोप्रांकडेच दिली गेली. जाण्याआधी तारखा पाहून घ्या, बिएनाले बारा महिने नसते.

मी 2016 च्या बिएनालेला गेले होते. ॲस्पिनवॉल हाउसच्या एका गोदामात चिलीचे कवी राउल सुरिता यांनी समुद्राचं पाणी भरून ठेवलं होतं. साडी वर खोचून मी त्यातून चालत गेले. पाणी गार, तळ दिसत नव्हता. दोन्ही भिंतींवर कवितेच्या ओळी होत्या. अगदी टोकाला जाऊन पोचल्यावर कळत होतं की हे गालिप कुर्दीसाठी आहे. समुद्रकिनारी पालथ्या पडलेल्या लहानग्या आलान या सीरियन निर्वासित मुलाचा फोटो 2015 साली जगाने पाहिला, त्याचा थोरला भाऊ. तोही त्याच रात्री बुडाला, पण त्याचा फोटो कुणी पाहिला नाही. परत यायलाही तेच पाणी तुडवावं लागलं.

ते काम आता तिथे नाही, पण पिशवीत एक पंचा असू द्या. फोर्ट कोचीत चालणं बरंच होतं. नवीन चपला नकोत, आणि दुपारी दोन ते चार सरळ झोपा.