निळू फुले खऱ्या आयुष्यातही पडद्यावरच्या खलनायकासारखेच होते का? खलनायक रंगवायला शिकायचं तर त्यांचे कोणते चित्रपट पाहावेत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. माणूस राष्ट्र सेवा दलातला. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला. नाव झाल्यावरही नट डॉ. श्रीराम लागूंबरोबर सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे दौरे करणारा आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहणारा. हे सगळं अनेकदा छापून आलंय, त्यात वेळ घालवत नाही.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे.

आमचा हौशी संघ राज्य नाट्य स्पर्धेत उतरला होता आणि मला सोसायटीच्या चेअरमनची भूमिका मिळाली होती. दिग्दर्शक म्हणाले, "जरा निळूभाऊ टाका." म्हणजे काय, तर घोगरा आवाज, एक डोळा बारीक, धोतराचा सोगा हातात आणि समोर बाई आली की जिभेने ओठ चाटायचे. 'बाई, वाड्यावर या' छापाचं एक वाक्यही घालायचं ठरलं, टाळी नक्की म्हणून. मी म्हटलं, हे निळू फुले नव्हेत, ही निळू फुल्यांची नक्कल करणाऱ्यांची नक्कल आहे. वातावरण तिथंच तापलं.

प्रसंग असा होता: एका विधवेकडून जमिनीच्या कागदावर अंगठा घ्यायचा. दिग्दर्शकांना टेबलावर मूठ हवी होती. मी तालमीत वेगळं केलं. तिला बसवलं, आत बघून चहा सांगितला, पोरीची शाळा कशी चाललीय विचारलं आणि बोलता बोलता कागद पुढे सरकवला. आवाज चढवलाच नाही. विधवेचं काम करणारी मुलगी नंतर म्हणाली, "दादा, तुम्ही चहा सांगितलात तेव्हा मला जास्त भीती वाटली." यावर दिग्दर्शकांचं उत्तर: "मागच्या रांगेला तुमचा चहा दिसत नाही, ओरडणं ऐकू येतं." भूमिका दुसऱ्याकडे गेली, मला प्रॉम्प्टिंगला बसवलं. प्रयोगात मूठ आपटली, टाळीही पडली. अभिनयाचं पारितोषिक मात्र त्या मुलीला मिळालं, चेअरमनला नाही. हे मुद्दाम लिहितोय.

आता 'सामना' बघा, १९७५ चा. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखरेच्या जिवावर अख्खा मुलूख मुठीत ठेवलेला माणूस. एक दारुडा मास्तर गावात येतो, तर हा त्याला हाकलत नाही, घरी नेऊन पाहुणचार करतो. मास्तर मात्र विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? मास्तर झालेले डॉ. लागू प्रश्न विचारतात तेव्हा निळूभाऊंकडे बघा. दहशत पाहुणचारातूनच वर येते. ज्याला आपली सत्ता ओरडून सांगावी लागते त्याच्याकडे ती नसते, एवढं साधं गणित आमच्या तालमीत कुणाला पटलं नाही.

त्यानंतर लगेच 'सिंहासन' (१९७९) बघा. इथे सत्ता दुसऱ्यांकडे आहे: अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री. निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. ऐकणारा, बघणारा, आतून पोखरत जाणारा. घोगरा आवाज आणि बारीक डोळा एवढंच भांडवल असतं तर हा दिगू उभा राहिला असता का? मग 'सारांश' (१९८४), तिथे ते शहरी पुढारी आहेत, हिंदीत.

हे येतं कुठून, तर माझ्या मते लोकनाट्यातून. 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या वगात समोरच्याचं वाक्य पडायच्या आत झेलून परत फेकावं लागतं, आणि त्यासाठी आधी नीट ऐकावं लागतं. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'त ते पडद्यावर आले तेव्हा ऐकण्याची ही सवय घेऊनच आले. खलनायक शिकायचाय ना? पाठांतराआधी ऐकायला शिका. मिमिक्रीचे व्हिडिओ बंद करा.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. अडीचशेच्या आसपास चित्रपट म्हणजे सगळं सोनं नाही. निर्मात्यांनी त्यांच्याकडून तोच इरसाल पाटील पुन्हा पुन्हा करून घेतला, आणि त्या चित्रपटांत तुम्हाला आमच्या दिग्दर्शकांचे निळूभाऊ जसेच्या तसे सापडतील. ते बघून शिकलात तर तेच शिकाल.

आणि मागच्या रांगेचं म्हणाल, तर हाच माणूस १९७२ मध्ये रंगमंचावर 'सखाराम बाइंडर' करत होता. सखाराम शिवराळ आहे, अंगावर धावून जाणारा आहे, म्हणजे 'ओरडू नका' हा माझा नियम तिथे लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो सखाराम आणि हा हिंदुराव दोन्ही एकाच नटाचे आहेत. 'निळूभाऊ टाका' म्हणणाऱ्याने यातला कुठला हवाय ते आधी सांगावं, मग माझी भूमिका काढून घ्यावी.