डिकॉय मांडण्याआधी वारा बघा: वूडपिजनच्या शिकारीबद्दल नवशिक्यांचे प्रश्न

इंग्लंडात स्थायिक झालेले बरेच मराठी वाचक हल्ली क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या, मैदानावर जाऊ लागलेत आणि त्यातल्या काहींना तिथून वूडपिजनकडे, म्हणजे पिकांवर येणाऱ्या रानकबुतराकडे, वळायचंय. नकली पक्षी, म्हणजे डिकॉय, मांडून ही शिकार कशी करतात याबद्दलचे काही प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न: वर्षभर मैदानावर तबकड्या फोडतोय. मित्राच्या ओळखीचा एक शेतकरी "या आणि कबुतरं मारा" म्हणतो. कुठला परवाना लागेल? (रेडिंग)

दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. बंदुकीसाठी पोलिसांकडून मिळणारं शॉटगन सर्टिफिकेट लागतं. ते पाच वर्षं चालतं. जीपीकडून, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून, वैद्यकीय माहिती जाते, पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट बघतात. त्या कपाटाची किल्ली कुठे असते हे घरच्यांनाही ठाऊक असता कामा नये, त्यामुळे फ्रिजवरचा डबा बाद. सर्टिफिकेट नसताना खाजगी जमिनीवर दुसऱ्याची बंदूक उसनी वापरता येते, पण बंदूकवाला शेजारी हजर हवा आणि त्याला त्या जमिनीवर तसा हक्क किंवा लेखी अधिकार हवा.

पक्षी मारण्याचा अधिकार हा दुसरा भाग. इंग्लंडात वूडपिजन 'जनरल लायसन्स'खाली मारला जातो. पिकाच्या नुकसानीसाठीचं लायसन्स म्हणजे जीएल ४२. त्यासाठी अर्ज नाही, फी नाही, पण अटी आहेत आणि त्या वाचणं तुमची जबाबदारी. मुख्य अट अशी की शिकार पीक वाचवण्यासाठी हवी, करमणुकीसाठी नव्हे, आणि पक्षी हुसकावण्याचे बाकीचे उपाय पुरे पडत नाहीत हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. म्हणून शेतकऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा: कुठलं पीक, काय नुकसान, आधी काय केलं? दोन ओळी लिहूनही घ्या. नियम बदलतात तेव्हा पूर्वसूचना मिळेलच असं नाही. एप्रिल २०१९ मध्ये 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर जुनी लायसन्सं तडकाफडकी मागे घेतली गेली आणि ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची धांदल उडाली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची लायसन्सं वेगळी आहेत. विमाही हवा. बीएएससी (ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्वेशन) सारख्या शिकारी संघटनेच्या सदस्यत्वात तो येतो.

प्रश्न: महागाचे डिकॉय घेतले, मॅग्नेट (डिकॉय गोल फिरवणारं यंत्र) घेतलं, जाळीचं लपण लावलं. पक्षी दोन शेतं पलीकडून जातात, आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. डिकॉयमध्ये दोष आहे का? (लिंकनशर)

दोष जागेत आहे. डिकॉय बुजगावण्याच्या नेमकं उलट काम करतात, पण बुजगावण्याइतकीच त्यांची हद्द छोटी असते. इथे उतरावं की नको, अशा विचारात असलेल्या पक्ष्याला ते शेवटच्या टप्प्यात खाली ओढतात. आपल्या वाटेने निघालेल्या थव्याची वाट ते बदलत नाहीत.

त्यामुळे पुढच्या खेपेला बंदूक घरी ठेवा आणि दुर्बीण घेऊन जा. गाडी शेताच्या कडेला लावायची, चहाचा थर्मास काढायचा आणि दोनेक तास नुसतं बघायचं. पक्षी कुठून येतात? कुंपणाची रांग, ओढा, दोन रानांमधली फट, अशा कशाच्या तरी आधाराने त्यांची ये-जा चालते. कुठल्या झाडावर थांबून मग खाली उतरतात? शेताच्या कुठल्या कोपऱ्यात? वूडपिजन भला मोठा हिरवा पट्टा सोडून त्यातल्या एखाद्या विरळ, उघड्या तुकड्यावरच तुटून पडतो, कारण तिथे उतरायला मोकळीक असते आणि चहूकडे नजर जाते. येण्याच्या वाटेखाली, पण उतरण्याच्या जागेच्या जवळ, तुमचं लपण हवं.

हंगामाप्रमाणे हे सगळं बदलतं. जानेवारी-फेब्रुवारीत दुसरं काही हिरवं नसतं, तेव्हा मोहरीच्या भाऊबंदातलं ऑइलसीड रेप. वसंतात वाटाणा, घेवडा आणि जवाची पेरणी. जुलैत पावसाने लोळलेला गहू किंवा जव, कारण उभ्या ओंब्यांवर त्याला बसता येत नाही. ऑगस्टपासून कापणीनंतरच्या धसकटांत सांडलेला दाणा. शरदात ओकच्या झाडांना भरपूर फळं लागली तर मात्र पक्षी रानात शिरतात आणि शेतं ओस पडतात. अशा आठवड्यात डिकॉय मांडून बसणं म्हणजे थंडी खाणं.

एक सवय आत्ताच लावून घ्या. पहिला पक्षी पडला की त्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाकूने उघडून बघा. आत चिरडलेली रेपची पानं निघाली की रेपच्या शेतावर बसलेले तुम्ही बरोबर आहात. पण बसलात रेपवर आणि पिशवीत निघाला पेरणीचा वाटाणा, तर खरी गर्दी शेजारच्या शेतावर आहे. लगेच उठा आणि त्या शेतकऱ्याला फोन लावा.

प्रश्न: डिकॉय नेमके मांडायचे कसे? दर व्हिडिओत वेगळी आकृती दिसते. (लेस्टर)

आकृत्यांचा बाऊ करू नका. एकच गोष्ट पक्की आहे: कबूतर वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. बाकी सगळं त्यातून निघतं.

वारा पाठीमागून येत असेल तर भाग्य उजळलं. पक्षी समोरून तुमच्या दिशेने उतरतील. दहा-बारा डिकॉय घोड्याच्या नालासारखे मांडा, नालाचं उघडं तोंड वारा जातो त्या बाजूला, म्हणजे तुमच्यापासून लांब. मधली मोकळी जागा लपणापासून वीस-पंचवीस यार्डांवर ठेवा. तिथेच त्याला उतरायचंय. दोन डिकॉयमध्ये दोनेक यार्ड अंतर असू द्या. तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण कवायतीला उभे केल्यासारखी एका रेषेत नकोत. सगळ्यात लांबचा डिकॉय पस्तीस यार्डांवर मोजून ठेवा. त्याच्या पलीकडचा पक्षी तुमचा नाही. आडवा वारा असेल तर तोच नाल आडवा. वारा थेट तोंडावर येत असेल तर पक्षी डोक्यामागून येणार आणि तुम्ही मान मोडून घेणार, तेव्हा सरळ शेताची दुसरी बाजू गाठा.

चकाकी मारक ठरते. स्वस्त प्लॅस्टिकचा डिकॉय ओला झाला की आरशासारखा चमकतो, म्हणून मखमली थर दिलेले घ्या. पडलेले पक्षी हळूहळू मांडणीत घाला: छातीवर बसवून, हनुवटीखाली काटकी देऊन, मानेवरचा पांढरा पट्टा दिसेल असे. पोट वर करून पडलेला एक पक्षी सगळी मांडणी बिघडवतो. इकडेतिकडे उडालेली पांढरी पिसंही उचला. मॅग्नेट मोकळ्या जागेच्या एका बाजूला ठेवा. पक्षी त्याला बुजून वळू लागले तर निमूट बंद करा, त्या भागातल्या पक्ष्यांनी ते आधीच पाहिलेलं असतं.

आणि चेहरा झाका. वरून बघणाऱ्या पक्ष्याला जाळीमागचा वर वळलेला चेहरा डिकॉयपेक्षा आधी दिसतो.

प्रश्न: मैदानावर बरा नेम आहे, पण इथे निम्मी काडतुसं वाया. (स्विंडन)

तबकडी उडाल्यापासून मंदावत जाते. कबूतर मात्र शेवटच्या क्षणी अंग चोरतं. नवशिके दोन चुका करतात. पक्षी अजून घिरटी घालत असतो तेव्हाच उठतात. त्याला ठरवू द्या. पंख आखडून, पाय सोडून तो खाली येऊ लागला की उठा. आणि उतरणारा पक्षी खाली सरकत असतो हे विसरून नेम छातीवर धरतात, छर्रे वरून जातात. पायांवर नेम धरा.

पस्तीस यार्ड ही शेवटची हद्द, शक्यतो तीस यार्डांच्या आतच मारा. बारा बोअरमध्ये २८-३० ग्रॅमची सहा नंबरची काडतुसं नेहमीची. मात्र शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलाय आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा स्टीलची सवय आत्तापासून करा. स्टील हलकं, म्हणून छर्रा मोठा घ्यायचा: चार किंवा पाच नंबर (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). आजोबांच्या काळातली बंदूक असेल तर आधी गनस्मिथला दाखवा.

जखमी पक्षी दिसला तर मांडणी, थवा, सगळं बाजूला ठेवून आधी त्याला गाठा आणि संपवा. ज्याला हे जमणार नाही त्याने बंदूक हाती धरू नये, असं माझं मत आहे. लपणातून बाहेर पडताना बंदूक रिकामी. एका लपणात दोघे असाल तर एका वेळी एकानेच बार काढायचा. पायवाट कुठून जाते हे आधी बघून ठेवा.

प्रश्न: वूडपिजनसारखाच दिसणारा स्टॉक डव्ह ओळखायचा कसा? (केंब्रिज)

मानेवर पांढरं नाही, पंखांवर पांढरा पट्टा नाही, आकाराने लहान, डोळा काळा. वूडपिजनचा डोळा फिकट पिवळा. स्टॉक डव्हला संरक्षण आहे आणि तो वूडपिजनच्याच थव्यात मिसळून येतो. पांढरं दिसलं नाही तर बार नाही.

प्रश्न: आमच्या हरभऱ्यावर पारवे आणि होले येतात. हा प्रकार इकडे करता येईल का? (निफाड)

नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ब्रिटनचं जनरल लायसन्स तिथे लागू नाही. माळा, गोफण, चमकणाऱ्या फिती, जाळी, हेच उपाय. टेहळणीचा भाग मात्र तुमच्याही कामाचा: पक्षी शेताच्या कुठल्या कडेने शिरतात ते बघा आणि राखण तिथे लावा.

प्रश्न: मारलेल्या पक्ष्यांचं काय करता? (स्लाउ)

खातो. छातीचे दोन तुकडे काढायचे, गडद लाल, कोंबडीपेक्षा लिव्हरच्या जवळचे. छर्रे बोटांनी चाचपून काढा, दाताला सापडेपर्यंत थांबू नका. नेहमीच्या मटणासारखं तासभर शिजवलंत तर रबर होतं. आलं-लसूण, हळद, तिखट लावून ठेवा, कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं परता आणि उतरवा. रस्सा हवाच असेल तर तो वेगळा करा आणि तुकडे वरून सोडा. उरलेले पक्षी शेतकऱ्याला विचारल्याशिवाय घरी नेऊ नका. पुढच्या खेपेचं आमंत्रण बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. निघताना रिकामी काडतुसंही वेचून घ्या.