फोन वाजला की पोटात गोळा येतो

"मॅडम, फोन वाजला की पोटात गोळा येतो." 2020 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडलं. कुणी दोन-चार घरं बांधणारा छोटा बिल्डर, कुणी नुसती प्लंबिंगची कामं घेणारा, कधी ठेकेदाराची बायको कारण तो स्वतः बोलायलाच तयार नाही. परवा पुन्हा एकाने विचारलं, महामारी संपली पण तेव्हाची देणी डोक्यातून जात नाहीत, काय करू? मी समुपदेशन करते, म्हणून त्यातलीच एक केस लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि आठ-नऊ सेशन्स चार संवादांत कोंबलीत.

हे गृहस्थ पन्नाशीच्या आतले. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी म्हटलं तेव्हा त्यांची तीन घरं चालू होती आणि बघता बघता तिन्ही साइट बंद पडल्या, मजूर निघून गेले, उघड्या सळ्या गंजल्या, गोण्यांतल्या सिमेंटचे दगड झाले. कामं परत सुरू झाली तोवर 2021 उजाडलं आणि लोखंड, लाकूड, तांबं सगळं महाग, करार मात्र जुन्या ठरलेल्या रकमेचे. म्हणजे जेवढं काम पुढे जाईल तेवढा तोटा वाढणार!

पहिल्या व्हिडिओ कॉलला त्यांनी कॅमेरा बंदच ठेवला. बायकोच बोलत होती, "रात्री दोनला उठून हिशोबाची वही काढतात, लिहीत काही नाहीत, नुसती पानं उलटतात. फोन दिवसभर सायलेंटवर."

मी सरळ विचारलं, मरून जावंसं वाटतं का?

बराच वेळ काही नाही. मग, "करणार काही नाही मी. पण सकाळी जाग आली नाही तर सुटेन, असं वाटतं."

असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो ही भीती खोटी आहे, उलट विचारल्यावर बोलायला जागा मिळते. आणि या धंद्यात तर विचारायलाच हवं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, 2016 ची आकडेवारी तपासली, म्हणजे महामारीच्या कितीतरी आधीची, त्यात बांधकाम क्षेत्रातल्या पुरुषांचं आत्महत्येचं प्रमाण लाखामागे 45 च्या आसपास निघालं, एकूण कामकरी वयाच्या पुरुषांचं 27. म्हणून त्यांना त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, झोपेचं बघायला आणि या विचारांचंही. तुम्हाला असं काही वाटत असेल तर पुढचं वाचायच्या आधी घरातल्या कुणाला तरी सांगा.

आता माझी पद्धत. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी, त्याने 1955 च्या सुमारास जे मांडलं ते मराठीत एका अक्षरात मावतं, 'च'. घर वेळेत द्यायला हवं होतं, हे दुःख. द्यायला'च' हवं होतं, नाही दिलं म्हणजे मी नालायक, हा छळ. मी हे त्यांना छान समजावलं, मलाच आवडलं. ते म्हणाले, "पटतंय मॅडम. पण स्टीलवाल्याला तुमचा 'च' कळत नाही."

बरोबर होतं त्यांचं! देणी खरी होती, विचार बदलून ती कमी होत नाहीत. नुसतं 'सकारात्मक राहा' सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

पुढच्या वेळी बोलणं अडलं तसं मी सहज म्हटलं, माझ्या मागच्या भिंतीला तडा गेलाय, घाबरायचं का? आणि पहिल्यांदा कॅमेरा सुरू झाला.

"जवळून दाखवा. हं. केवढी भेग आहे ते नंतर बघू मॅडम, आधी ती चालू आहे का थांबलीय ते बघायचं."

"ते कसं कळणार?"

"काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटच्या मसाल्याने पक्की करायची, बाजूला तारीख लिहायची. काच तडकली तर भेग जिवंत. महिनोन्‌महिने शाबूत राहिली तर भेग भरा आणि रंग मारा, झोप उडवायचं कारण नाही."

मी थोडी थांबले. मग म्हटलं, "तुमच्या वहीत अशा किती भेगा आहेत? त्यातल्या जिवंत किती?"

त्यांनी उत्तर दिलं नाही, वही आणायला उठले. इतक्या वर्षांत मी विचारलेल्या प्रश्नांमधला हा एक माझा आवडता आहे, कबूल करते. तो माझा नव्हताच तसा, त्यांच्याच हत्यारांच्या पेटीतला होता.

आठवड्याने अकरा देणी तारखेसकट लिहून आली. नऊ जैसे थे, रक्कम मोठी पण वाढत नव्हती आणि समोरचे थांबायला तयार होते. एक बँकेचं, व्याज चढणारं. अकरावं त्यांनी वाचलंच नाही, बायकोला वही दिली. तिसऱ्या घराच्या मालकाचा अॅडव्हान्स पहिल्या घराच्या स्टीलमध्ये गेला होता आणि ते भरून काढायला आता चौथ्याचा अॅडव्हान्स घ्यायचं चाललं होतं. बायकोलाही तेव्हाच कळलं.

हीच काच दर आठवड्याला तडकत होती. बाकी दहांचा गोंगाट हिच्यावर पांघरूण घालायला बरा पडत होता, असं माझं मत.

तुमचंही असं असेल तर पहिलं म्हणजे चौथा अॅडव्हान्स घेऊ नका. पुढच्या तेरा आठवड्यांत किती पैसे येणार, किती जाणार याचा कागद करा, आठवड्याला एक ओळ. करार परत वाचा, बऱ्याच करारांत आपत्तीचं कलम मुदत वाढवून देतं, वाढीव पैसे नाही, त्यामुळे भाववाढीचं बोलणं वेगळं करावं लागतं. बँकेशी हप्ता चुकायच्या आधी बोला, चुकल्यावर सूर बदलतो. आणि घरमालकाला ताब्याची खोटी तारीख देण्यापेक्षा पुढच्या फोनची खरी तारीख द्या, शुक्रवारी पाचला म्हणजे पाचला, सांगायला नवीन काही नसलं तरी. माणसं उशिराने चिडतात, पण न उचललेल्या फोनने जास्त.

त्या तिसऱ्या मालकाला यांनी सगळं सांगितलं. तो खूप बोलला, करार मोडला, पैसे परत मागितले, ते हप्त्याने ठरले. गोड शेवट वगैरे नाही. पण त्या रात्री वही निघाली नाही.

शेवटच्या सेशनला बायकोची तक्रार होती, "आता जेवतानाही फोन उचलतात हो, ते जरा सांगा ना यांना."