पैसे दिवसांचे दे

रामबाग, इंदूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या उंची गाईंचे भ्रूण शेतकऱ्यांच्या गाईंच्या गर्भाशयात ठेवून वासरं घ्यायची, त्यासाठीचा तुझा कच्चा करारनामा काल रात्री वाचला. त्याखाली तू लिहिलंयस, "सर, सगळे शेतकरी खुशीनं सही करायला तयार आहेत, तरी मला हे बरोबर वाटत नाही." बरोबर नाहीच आहे. कलम चार बघ. "निरोगी वासरू जन्मल्यावर एकरकमी मोबदला." म्हणजे वासरू नाही, तर काही नाही. भ्रूण तुमचा, उंची वंशाची गाय तुमची, आणि जोखीम मात्र सगळी सांवेरच्या त्या माणसाच्या दावणीला.

पैसे दिवसांचे दे. वासराचे नंतर बघू.

हिशोब तुला येतो, पण तू तो गाईच्या मालकाच्या ओट्यावर बसून केलेला नाहीस. इंजेक्शनं देऊन गाईचा माज जुळवायला साधारण १० दिवस. माजानंतर सातव्या दिवशी भ्रूण ठेवणार. माजापासून तिसाव्या दिवशी सोनोग्राफी, म्हणजे आणखी २३. झाले ४०. फ्रोझन भ्रूण असला तर दहा गाईंत तीन-चार गाभण राहिल्या तरी आपण खूश असतो. बाकीच्या सहा-सात रिकाम्या. पुन्हा प्रयत्न केलास की ८० दिवस गेले. एरवी तेवढ्यात ती गाय साध्या रेतनानंही गाभण राहिली असती. तिचं वेत लांबलं, दूध उतरलं, दाणा-वैरण चालूच राहिली. हे दिवस कोणाचे? तुझ्या कागदात ते कोणाचेच नाहीत.

मी हे शहाणपण जन्मतः घेऊन आलो नव्हतो. नोकरीत असताना एका योजनेत मी देपालपूरकडच्या गावांत भ्रूण ठेवत होतो. एका बाईंची तिसऱ्या वेताची संकरित गाय होती. दोनदा ठेवला, दोनदा रिकामी. दुसऱ्या तपासणीनंतर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं दोन आकडे, वरती दाणा, खाली दूध. खालचा आकडा आठवरून तीनवर आला होता. त्या भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, यातलं काही मिळेल का? मी म्हणालो, कागदात नाही.

तो कागद मी बनवला नव्हता. माझं काम भ्रूण ठेवण्याचं. दोन्ही वेळा कॉर्पस ल्युटियम (अंडाशयावरची गर्भ टिकवणारी गाठ) उत्तम होता, गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या शिंगात भ्रूण ठेवला होता, माझ्या वहीत आजही नोंद आहे. माझा हात चुकला नव्हता. वरच्यांना मी बोललोही होतो, एकदा. पण एकदा बोलून गप्प बसलो आणि साक्षीदार म्हणून सही माझीच होती, ही गोष्ट काही बदलत नाही. म्हणून तुला इतकं टोचून सांगतोय.

पहिल्या इंजेक्शनापासून तपासणीपर्यंत रोजचा दर ठरव. गाय गाभण राहो की न राहो. राहिली तर व्यायपर्यंत दर महिन्याला पैसे. गाभडली, गर्भ पडला, तर त्या दिवसापर्यंतचे, शिवाय उपचार तुमचा. वासराचं बक्षीस यावर वेगळं.

तुझे साहेब म्हणतील, फुकट पैसे मिळाले की शेतकरी गाईकडे बघणार नाही. हे मी तीस वर्षं ऐकलं, आता ऐकवत नाही. उलटंच होतं गं! वासरावरच पैसे ठेवलेस तर उलटलेली, म्हणजे पुन्हा माजावर आलेली गाय तो लपवेल, गुपचूप वळू दाखवेल आणि नऊ महिन्यांनी तू डीएनए तपासत बसशील. दिवसाचे पैसे मिळत असले की माजावर आल्याचा फोन त्याच सकाळी येतो.

वासरू नेण्याचं कलम तर तू वाचून लिहिलंयस असंच वाटत नाही. "व्याल्यावर सात दिवसांत." माळवी गाय, गीरच्या रक्ताची गाय, वासरू समोर नसलं तर पान्हा सोडत नाही. तू वासरू गाडीत घातलंस की मालकाचं अख्ख्या वेताचं दूध गाडीत घातलंस. तीन महिने तरी वासरू तिथेच राहू दे आणि ते पितं त्या दुधाचेही पैसे दे. २५ किलोच्या वासराला रोज अडीच लिटर धरलं तरी ९० दिवसांचं सव्वादोनशे लिटर होतं. वंश सगळा तुमच्या गाईचा, कबूल. पण पहिल्या दोन तासांत चीक कोणाचा पोटात जातो? त्या गोठ्यातल्या रोगांशी लढायची ताकद त्या चिकातूनच येते. तेव्हा "वासरावर मालकाचा कोणताही हक्क नाही" हे वाक्य इतक्या तोऱ्यात लिहू नकोस.

बाकीचं भराभर सांगतो. गोऱ्हा झाला तरी न्यायचा. सेक्स्ड, म्हणजे मादीचा म्हणून निवडलेला भ्रूण असला तरी शंभर टक्के खात्री नसते, आणि नराला गिऱ्हाईक नाही. अंगानं लहान कालवडीत मोठ्या अंगाच्या होल्स्टीन गाईचा भ्रूण ठेवायचा नाही, व्यायला अडली तर गाय जाते. ब्रुसेलाची, गाई गाभडवणाऱ्या त्या रोगाची, तपासणी आधी, खर्च तुमचा. गाय गेली तर बाजारभावानं भरपाई. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर कागदावर घाल.

आणि "दर परवडत नाही" असं मला कळवू नकोस. परवडत नसेल तर दहाऐवजी चार गाई घ्या, पण चारही गाईंचे दिवस मोजा. महूच्या पशुवैद्यक कॉलेजात तुम्हाला भ्रूणाची प्रत शिकवतात. दुसऱ्याची गाय मागायची कशी, हे मला तिथे कोणी शिकवलं नाही, तुलाही शिकवलेलं दिसत नाही.

रविवारी सकाळी मी सांवेरला येतो. नवा कागद हिंदीत लिहून आण. घरातल्या बायकांना बोलावून मोठ्यानं वाच, धारा त्याच काढतात. पहिल्या महिन्याचे पैसे सोबत असू देत, सहीच्या आधी द्यायचे.

तुझे
सर