चर्चच्या जुन्या रजिस्टरवरून वंशावळ काढता येते का?

येते, मी स्वतः वसईतल्या आमच्या घराची काढलीय, पाच पिढ्यांपर्यंत, पुढे अडलो. तुम्ही लिहिलंय की पणजोबा वसईचे, आडनाव लोपीस, घर आता पुण्यात आणि पोर्तुगीज अजिबात येत नाही. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असल्या तरी पोर्तुगीजची काळजी सोडा, आडनावाची करा.

कारण आडनाव इथे काही कामाचं नाही. पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं नाहीतर गॉडफादरचं, म्हणजे बाप्तिस्म्याला उभ्या राहणाऱ्या धर्मपित्याचं, आडनाव लागायचं, त्यामुळे एकाच गावात लोपीसांची अशी कितीतरी घरं सापडतात ज्यांचं एकमेकांशी रक्ताचं काही नाही. त्यात नावंही तीच तीच, अंतोन, दुमिंग, पेद्रू. मी दोन महिने भलत्याच पेद्रूच्या मागे होतो, शेवटी त्याच्या बायकोचं नाव वेगळं निघालं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला! म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की आपल्या घराला गावात काय म्हणायचे, आळी कुठली, आजीचं माहेर कुठलं. आणि रजिस्टरमध्ये नुसतं बापाचं नाव न बघता गॉडफादर, गॉडमदर आणि लग्नाचे साक्षीदार उतरवून घ्या. ती माणसं बहुतेक वेळा मामा, काका, आत्या असतात, त्यांच्यावरूनच आपला पेद्रू कुठला ते ठरतं.

किती मागे जाता येईल? नियम म्हणाल तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६३ लाच बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायला लावल्या होत्या. पण १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, बरीच चर्च ओस पडली, तेव्हा त्याच्या आधीचं गावात काही मिळेल ही आशा फार ठेवू नका. त्यानंतरचंही वाळवी आणि पावसाळ्याने जेवढं ठेवलंय तेवढंच.

भाषेचं म्हणाल तर नोंदी ठरलेल्या साच्यातल्या असतात, वीस-पंचवीस शब्द पाठ केले की झालं. फिल्यो म्हणजे मुलगा, फिल्या म्हणजे मुलगी, नेतो म्हणजे नातू (हा शब्द दिसला की खूश व्हा, आजी-आजोबांची नावं पुढे असतात), ओबितू म्हणजे मृत्यू. फसवतात ते महिने. आकडा ७ आणि त्याला चिकटून बारीक ब्रो असं लिहिलेलं असतं, मी सरळ जुलै धरला. तो सप्टेंबर! जुन्या रोमन हिशेबाने सातवा. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचा एक्स म्हणजे डिसेंबर. वरची आणि खालची नोंद बघितली असती तरी कळलं असतं, पण आपल्या माणसाचं नाव दिसलं की आजूबाजूचं दिसतंय कुणाला.

सुरुवात नेहमी जवळच्या माणसापासून करा, आजोबांपासून. १९०८ पासून रोमच्या नियमाने लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात करतात, म्हणजे जन्म सापडला तर लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते तिथेच कळू शकतं. माझ्या आजोबांचं तसंच सापडलं, शाई वेगळी, अक्षर वेगळं, कोपऱ्यात दोन ओळी.

लग्नाच्या वहीत सवलतीचा शेरा असेल तर तो सोडू नका. नात्यात लग्न करायचं तर चर्चची परवानगी लागायची आणि नातं कितव्या पायरीचं तेही लिहायचे. माझ्या पणजोबा-पणजीच्या नोंदीत तिसरी पायरी आहे, म्हणजे दोघांचे पणजोबा किंवा पणजी एकच. नावं दिलेली नाहीत, पण कुठल्या दोन घरांत शोधायचं ते कळलं. मी मोठ्या उत्साहाने आत्याला फोन केला तर म्हणते, अरे ते सगळ्या आळीला ठाऊक होतं, तू कधी विचारलंस?

पणजोबा नोकरीला मुंबईत गेले असतील तर एक भानगड आहे. तिथे १९२८ पर्यंत दोन वेगळ्या धर्मसत्ता होत्या, पोर्तुगालची पाद्रोआदो आणि रोमची प्रोपगंडा. वांद्र्यातच बघा, सेंट अँड्र्यूज एकाकडे आणि सेंट पीटर्स दुसऱ्याकडे. एका ठिकाणी नाव नाही म्हणजे माणूस तिथे नव्हताच असं नाही, शेजारच्या चर्चमध्येही विचारा.

जाताना रविवारी आणि सणाला जाऊ नका, फादरांना श्वास घ्यायला वेळ नसतो. आधी फोन करा, तुमचं नातं आणि अंदाजे सालं कागदावर लिहून न्या, फोटो काढायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर पेन्सिल-वही जवळ असू द्या, पेन नको, आणि पानं उलटताना बोटाला थुंकी लावू नका, मी एकाला लावताना बघितलंय, ऑफिसातल्या बाईंनी वही काढूनच घेतली.