काकूंच्या मुलाला फोन करू का?

पत्र: शेजारच्या काकू ७८ वर्षांच्या, एकट्याच असतात. मुलगा कॅनडात. मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या दोन-तीन महिन्यांत खूप वाळल्यात, जिन्यात तोल जातो, परवा तर गॅसवर दूध ठेवून भाजीला गेल्या. विषय काढला की म्हणतात, ‘वय झालं गं. आणि मुलाला यातलं काही कळवायचं नाही.’ नवरा म्हणतो, लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बोला. पण आधी काकूंशी, मग मुलाशी. क्रम उलटा झाला तर काकू तुम्हाला दारातूनच परत पाठवायला लागतील, आणि सध्या त्यांना रोज बघणारं माणूस तुमच्याशिवाय कुणी दिसत नाही.

‘वय झालं’ हे काही मला पटत नाही. वयानं केस पिकतात, दोन-तीन महिन्यांत अंगावरचे ब्लाउज ढगळे होत नाहीत. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, गोंधळल्यासारखं होतं. एकट्या बाईचं रात्रीचं जेवण म्हणजे पुष्कळदा चहा-बिस्किटं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर सोडियम कमी होऊ शकतं आणि माणूस विसरभोळं वागू लागतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, लघवीतला जंतुसंसर्ग यांनीही तेच होतं. यातलं बरंचसं साध्या तपासण्यांत कळतं आणि उपचारांनी सुधारतं. तेव्हा स्मृतिभ्रंशाचा शिक्का इतक्यात मारू नका. आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करायला तर मुळीच सांगू नका.

विषय लिफ्टपाशी नको, दुपारी निवांत काढा. तक्रारींची यादी वाचू नका. डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांगा: ‘काकू, परवा जिन्यात तुमचा तोल गेला, मला धस्स झालं. उद्या सकाळी रक्त न्यायला लॅबवाल्याला घरीच बोलावू? मी थांबते.’ ‘नको’ म्हणाल्या तर त्या दिवशी सोडा, दोन दिवसांनी परत विचारा. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आणि चूर्णाच्या डब्यासकट.

मुलाला का कळवायचं नाही, हे एकदा विचाराच. घर विकून वृद्धाश्रमात ठेवतील अशी धास्ती असू शकते. मात्र गॅसचं प्रकरण तुमच्या दोघींत ठेवण्याजोगं नाही, त्याचा धोका अख्ख्या इमारतीला आहे. काकूंना स्पष्ट सांगा: ‘रविवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. तुमच्या पाठीमागे नाही, तुमच्यासमोर बसून फोन करेन.’ मुलाशी बोलताना जे पाहिलं तेवढंच सांगा. ‘आईकडे लक्ष नाही तुमचं’ हा सूर लागला की तो पुढचं काही ऐकणार नाही. त्यानं दुर्लक्षच केलं तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे.

अचानक असंबद्ध बोलल्या, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, तर कुणाची परवानगी विचारत बसू नका. थेट १०८.

राहिले तुमचे यजमान. त्यांना काकूंच्या बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवून द्यायला सांगा. ड्रिल मशीन घेऊन गेलेल्या माणसाला नाक खुपसलं असं कुणी म्हणत नाही.